सोडलेले वीस चौरस फूट

मुलीचं लग्न ठरलं आणि घराला बाहेरून रंग देण्याचं काम माझ्या अंगावर आलं. मी मोलगीला शाळेत शिकवतो. शनिवारी जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन तळोद्याला घरी येतो आणि आल्या आल्या कशाला तरी मापं लावत बसतो, असं बायको म्हणते. खोटं नाही. रंगाऱ्यानं नुसतं घराकडं बघून अंदाज सांगितला, तो मला पटला नाही. मी नवा टेप आणला, वहीचा जोडकागद फाडला आणि चारही बाजूंच्या भिंती मोजायला घेतल्या. खिडक्या वजा, दारं वजा, मागच्या भिंतीवर ओल आली होती तिला वेगळा प्राइमर. रंगाऱ्यानं कागद बघितला आणि मास्तर, परीक्षा घेताय का, असं विचारलं.

त्या कागदावर एक वजाबाकी मात्र अशी होती जिचं कारण मी लिहिलं नव्हतं. दाराच्या उजव्या हाताची भिंत, पाच बाय चार, वीस चौरस फूट. रंगाऱ्यानं तिथंच बोट ठेवलं. मी म्हणालो, ते सोडायचं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण तो गावातलाच. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं बोट उचललं.

आमच्याकडं लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर पेंटर बोलावून लिहून घेतात. वर गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब, मध्ये शुभ विवाह आणि खाली नवरा-नवरीची नावं. लग्न होऊन जातं, पुढचा रंग लागेपर्यंत भिंत तेच सांगत राहते. आमच्या भिंतीवर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. डावीकडं तिचं नाव, उजवीकडं जावयाचं.

ती नवापूरकडं दिली होती. दीड वर्षात पहिल्याच बाळंतपणात गेली, चिंचपाड्याच्या दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्ये. बाळही राहिलं नाही. जावयानं पुढं दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण मी त्याच्याशी आजवर धड बोललो नाही, हेही खरं.

बहीण गेल्यापासून नऊ दिवाळ्या झाल्या आणि घराला बाहेरून ब्रश लागला नाही. दर वर्षी मी विषय काढायचो आणि आई उठून आत जायची. आईला वाचता येत नाही. पण कुठलं नाव लेकीचं ते तिला लग्नाच्या वेळीच दाखवलं होतं, आणि रोज सकाळी ओटा झाडून झाला की ती ओलं फडकं घेऊन त्या नावावरची धूळ पुसायची. आमच्यासमोरून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर जातात, धुळीला तोटा नाही. मी ते नऊ वर्षं बघत आलो. बघत आलो म्हणजे चहा पिता पिता बघितलं. जवळ जाऊन कधी बघितलं नाही.

या वेळी मात्र गत्यंतर नव्हतं. माझ्या लेकीचं लग्नही त्याच दारात होणार होतं आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला खिडकी आहे. लेक शहाणी. आत्याचं नाव हलवू नका, माझं कुंपणाच्या भिंतीवर लिहा, असं तिनंच सांगितलं. मी तसा बेत केला. उरलेल्या घराला क्रीम रंग, आणि तो तुकडा चौकट आखून जुनाच ठेवायचा. ठिगळ दिसेल, असं रंगारी म्हणाला. दिसू दे, असं मी जरा जोरातच बोललो.

चौकट आखायची म्हणून मी टेप घेऊन भिंतीला नाक लावलं. दारापासून नऊ इंच, जमिनीपासून साडेचार फूट, तिथं नाव सुरू व्हायला हवं होतं. तिथं काहीच नव्हतं. नुसता प्लास्टरचा करडा पट्टा, गुळगुळीत झालेला. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ओट्यावरच्या पत्र्यानं पाऊस अडवला होता, त्यामुळं गणपती फिकट का होईना जागेवर होता, केळी होत्या. उजवीकडं धुळीखाली जावयाचं नाव तर काल लिहिल्यासारखं, शेवटच्या टिंबासकट. त्याच्यावर कुणी कधी फडकं फिरवलं नव्हतं.

मी टेप गुंडाळून खाली बसलो. कारण मला ते लिहून घेतल्याचा दिवस आठवला. त्या लग्नाचा खर्चही मीच सांभाळत होतो, यात त्यात काटछाट करत होतो आणि त्यात स्वतःला फार हुशार समजत होतो. पेंटर ऑइल पेंट काढायला लागला तर मी त्याला अडवलं. "चार दिवसनं तं काम शे," मी म्हणालो होतो. "पावडरना रंगमा लिखी दे."

डिंकात कालवलेली ती पावडर पाण्याच्या फडक्यापुढं किती टिकणार? आई रोज जपत होती आणि रोज थोडं थोडं नाव फडक्याबरोबर जात होतं.

मी ठरवलं, आईला सांगायचं नाही. तिचे डोळे अधू झालेत, तिला समजणार नाही. तुकडा सोडायचा, चौकट आखायची, विषय संपला. त्या दोन दिवसांत मी घरात सगळ्यांवर उगाच खेकसत होतो. नऊ वर्षं मनात न आणलेलं दुःख आता आलं आणि ते कुठं ठेवावं कळेना. बहीण गेली तेव्हाही मी असा रडलो नव्हतो, जसा त्या दिवशी मोरीत नळ सोडून रडलो.

कामाला सुरुवात झाली. रंगारी पॉलिश पेपर घेऊन त्या तुकड्याशी आला आणि नक्की कुठून कुठपर्यंत सोडू, असं त्यानं मला विचारलं. आई ओट्यावरच बसली होती. मी बोलायच्या आत ती बोलली.

"कवयनं गयं ते नाव, भाऊ. मीच पुसी पुसी उडाई टाकं. माले माहीत शे." मग जावयाच्या नावाकडं हात करून ती माझ्याकडं वळली. "आते फक्त त्यान्हं ऱ्हायनं. ते कसाले ठी ऱ्हायना तू मन्हा दारवर?"

मला पावडरच्या रंगाचं सांगायचं होतं. चूक तुझी नाही, माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. आजही मी तिला ते सांगितलेलं नाही. मी खिशातला कागद काढला आणि वजा केलेले वीस चौरस फूट पुन्हा बेरजेत घेतले.

जावयाचं नाव झाकायला रंगाचे दोन हात लागले. बहिणीच्या जागी उलटंच झालं. तिथं भिंत नाण्याच्या जाडीएवढी आत गेली होती. रंगाऱ्यानं त्यात पुट्टी भरली, ती सुकू दिली, पुन्हा भरली. संध्याकाळपर्यंत सगळी भिंत एकसारखी क्रीम झाली. माझ्या लेकीचं नाव तिथं ऑइल पेंटमध्ये लिहायचं मी पेंटरला सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन ओट्यावर बसलो होतो. आईनं झाडलं, झाडू ठेवला आणि सवयीनं ओलं फडकं पिळून भिंतीकडं गेली. गेली आणि तशीच उभी राहिली. हात वर होता, पण तो कुठं ठेवायचा ते तिला सापडेना. ती थोडी डावीकडं सरकली, मग उजवीकडं.

मला मापं पाठ होती. मी उठलो, फडक्यासकट तिचा हात धरला आणि दारापासून नऊ इंचांवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर नेऊन ठेवला.

"आठेच का, ह्याच जागावर?" तिनं विचारलं.

"आठेच," मी म्हणालो.

रंग अजून पुरता वाळलेला नव्हता. तरी मी तिला पुसू दिलं.