काळजीवाल्याची टोपी

पेत्रोनेलेशी मी बारा वर्षं बोलले नाही. समोरासमोर दारं, मध्ये एक कुंपण, तिच्या कोंबड्या रोज माझ्या बिटाच्या वाफ्यात. तरी नाही म्हणजे नाही. शिव्या कोंबड्यांना घालायची, पण तिला ऐकू जातील अशा बेताने.

कारणही तसंच होतं. सोव्हिएत सरकारने आमच्या लेपाई गावच्या चर्चला टाळं लावलं, फादरना सैबेरियात धाडलं आणि दोन महिन्यांनी त्याच चर्चमध्ये 'देव नाही' हे शिकवणारं संग्रहालय उघडलं. तिथे झाडलोट करायला, पाट्या लिहायला माणूस हवं होतं. गावातलं कुणी पुढे झालं नाही. आणि ही बया गेली! जिच्या बापाने त्या चर्चची घंटा चाळीस वर्षं वाजवली, ती! वर अर्जात लिहून दिलं, 'माझा देवावर विश्वास नाही.' तो कागद गावच्या फळ्यावर लागला होता, मी स्वतः वाचला. संध्याकाळपर्यंत तिचं नाव 'यहूदा' पडलं, येशूला दगा देऊन धरून देणाऱ्या त्या चेल्याचं. नाव माझ्याच तोंडून निघालं, आता लपवून काय करू?

चर्चमध्ये आमचा काळजीवाला होता. आमच्या लिथुआनियात येशू खांबाखांबावर असतो, पण क्रुसावर कमी आणि ओंडक्यावर बसलेला जास्त. डोक्यावर काट्यांचा मुकुट, गालाला हात, चेहरा असा की बिचाऱ्याला साऱ्या जगाची काळजी, म्हणून तो काळजीवाला. आमचा गुडघ्याएवढा उंच, लाकडाचा. आमच्या खापरपणजोबांनी कोरलाय तो. पेत्रोनेले म्हणते तिच्या. गावातल्या निम्म्या घरांतून असंच म्हणतात, त्यांना म्हणू दे.

एक दिवस जिल्ह्याचे कॉम्रेड गुदाइतिस यादी करायला आले. देवाच्या मूर्ती बंबात जाणार, बाकीचं राहणार. येऊन बघतात तो काळजीवाल्याच्या डोक्यावर कानापर्यंत लोकरीची टोपी आणि खाली पाटी: 'जमीनदाराच्या जुलमाने थकलेला शेतमजूर.'

"हा मजूर?" गुदाइतिसने विचारलं.

"चेहरा बघा ना साहेब. देव कधी असा दमतो का?"

"आणि टोपी कशाला?"

"थंडी किती आहे! पायात तर काहीच नाही. जमीनदाराने बूट दिले असते तर घातले नसते का त्याने?"

गुदाइतिसने नाक शिंकरलं आणि वहीत लिहिलं, 'अत्यंत मौल्यवान.' दुसऱ्या दिवशीपासून शाळेतली पोरं रांगेने मजूर बघायला येऊ लागली.

आम्ही बायकाही जायचो, रविवारी, दहाच्या ठोक्याला. मजुरासमोर उभं राहायचं, ओठ हलवायचे, बाहेर पडायचं. देव नाही हे शिकायला इतकी माणसं जिल्ह्यात दुसरीकडे कुठेच येत नव्हती. पेत्रोनेलेला त्याबद्दल मानपत्र मिळालं. दारात ती उभी असायची, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. मी नाक मुरडून पुढे जायची. मनात म्हणायची, मेलीने देवाला टोपी घातली! टोपी कुणाला घातली होती हे माझ्या टाळक्यात शिरायला तीन वर्षं लागली.

झालं असं की मजूर फार गाजला. गुदाइतिसने त्याच्यावर तीन अहवाल लिहिले, आणि मॉस्कोहून हुकूम आला: असा मजूर राजधानीत हवा, कायमचा. ट्रक आला, खोका आला, गवत आलं, गुदाइतिसही आला. अख्खं गाव दाराशी जमलं. पेत्रोनेलेचा चेहरा पांढराफटक. दोन माणसं मूर्ती उचलायला वाकली तशी ती मध्ये शिरली आणि तिने टोपी ओढून काढली.

"साहेब, हे काटे बघा. हा मजूर नाही, हा येशू आहे, आमचा देव. मी खोटं लिहिलं पाटीवर. आणि अर्जातही."

इतक्या वर्षांत गावात देवाचं नाव मोठ्याने घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. घेणारी कोण, तर यहूदा!

गुदाइतिसची पाचावर धारण बसली. "हळू बोल बाई! तीन अहवालांवर माझी सही आहे!"

"मग न्या. तिथे कुणी टोपी काढली की सही कुणाची ते विचारतीलच."

गुदाइतिस मटकन पायरीवर बसला. गालाला हात लावून, हुबेहूब काळजीवाल्यासारखा. मग उठला, स्वतःच्या हाताने टोपी परत काट्यांवर ओढली, वही काढली आणि लिहिलं, 'लाकडाला कीड. प्रवासास अयोग्य. कोठीत कुलूपबंद.' दुसऱ्या पानावर लिहिलं, 'पेत्रोनेले, कामावरून कमी.' सामुदायिक शेतीच्या डुकरांत घातली तिला. नऊ वर्षं.

खरं म्हणजे मी त्याच दिवशी कुंपणापाशी जायला हवं होतं. नाही गेले. आधी रागाने बोलत नव्हते, आता लाजेने. कोंबड्यांना शिव्या देणं मात्र बंद केलं.

मग दिवस पालटले. चर्च उघडलं, नवे फादर आले, काळजीवाला कोठीतून बाहेर आला. डोक्यावर टोपी तशीच. फादर ती काढायला गेले तर बायकांनी असा गलका केला की ते दोन पावलं मागे सरले.

त्याच दुपारी मी पेत्रोनेलेच्या दारात उभी राहिले.

"कोंबड्या आल्या का गं तुझ्याकडे?" वर न बघता तिने विचारलं.

"नाही. मीच आले."

"बारा वर्षं लागली तुला. माझ्या कोंबड्यांना दोन मिनिटं लागतात." तिने लोकरीचा गुंडा माझ्या मांडीवर टाकला. "टोपीला कसर लागलीय. नवी विणायची आहे. त्या बाजूने तू घे."

मी सुया घेतल्या. चार ओळी विणून झाल्या. मग ती एकदम म्हणाली, "स्तेफानिया, मी अर्जात लिहिलं होतं ना, विश्वास नाही म्हणून. ते त्याने मनावर घेतलं असेल का गं? तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही."

मी विणता विणता म्हटलं, "अगं वेडे, फळ्यावरचा कागद आम्ही वाचला. त्याच्या कानांवर ते जाईल कसं? तिथे तर तूच टोपी ओढली होतीस."

ती हसली, आणि मला रडू फुटलं.

"लोकर भिजवू नकोस," ती ओरडली, "आटेल ती! त्याचे कान उघडे पडतील."