आमची हळदी स्पोर्ट्स कार

मी बघायला गेले होते ती पांढरी, चार दारांची, एका निवृत्त गुरुजींनी जपून वापरलेली गाडी. आणि घेऊन आले ती हळदी रंगाची, दोन दारांची, जिमला जाणाऱ्या एका मुलाने अजिबात जपून न वापरलेली स्पोर्ट्स कार.

यात माझी चूक फारशी नव्हती. वर्ध्याच्या बाजारात आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, परकर. दिवसभर मी रंगांतच असते. नागपूरच्या त्या जुन्या गाड्यांच्या आवारात गुरुजींची गाडी उभी होती आणि तिच्या शेजारी ही. काय तो रंग! लिंबू नाही, आंबा नाही, मोहरी नाही. शुद्ध हळदी! या रंगाचं अस्तर मी कित्येक महिने व्यापाऱ्यांकडे मागत होते, आणि इथे अख्खी गाडी मिळत होती.

खरं म्हणजे गाडी हवी होती ती सासूबाईंसाठी. त्यांच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवत नव्हती. तिकडे हिंगणीला त्यांचे थोरले भाऊ, नामदेवमामा, मांडीचं हाड मोडल्यापासून अंगणाबाहेर पडत नव्हते. उन्हाळ्यापासून बहीणभावाची भेट नव्हती. फोनवर दोघं बोलायची, पण दोघांनाही कमी ऐकू येतं. त्यामुळे दोघंही आपापलं बोलून समाधानाने फोन ठेवायची. शेवटी एक दिवस सासूबाई कोणाकडे न बघता म्हणाल्या, "दादाले एकडाव डोयानं पाह्यलं असतं तं बरं झालं असतं." त्याच आठवड्यात गाडी घ्यायचं ठरलं. आमच्या घरात गाडी चालवता येते ती फक्त मला. (ह्यांनी ड्रायव्हिंग क्लास दोनदा लावला. दुसऱ्यांदा क्लासवाल्यानेच हात जोडले.)

"मॅडम, मॉडिफाय केलेली आहे," विकणारा मुलगा म्हणाला. मला वाटलं, दुरुस्त केलेली असा अर्थ असेल! तो परदेशी निघाला होता. किल्ली देताना बॉनेटवर डोकं ठेवून रडला. ज्या गाडीसाठी माणूस रडतो ती चांगलीच असणार, असं मी मनाशी म्हटलं. (तो आनंदाने रडत होता, हे वर्ध्याच्या वेशीवर नालवाडी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं.)

कारण मॉडिफाय करताना त्याने गाडी खाली बसवली होती. म्हणजे इतकी खाली, की रस्त्यावर पडलेली संत्र्याची साल आडवी यावी. नालवाडीच्या स्पीडब्रेकरवर ती म्हशीसारखी पोट टेकून बसली. मागे दहा गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. शेजारी बसलेले हे उतरले, तशी गाडी चार बोटं वर उचलली गेली आणि सरकली. मग तीच पद्धत पडली. स्पीडब्रेकर आला की हे उतरायचे, पलीकडे चालत जायचे आणि पुन्हा वाकून, गुडघे छातीशी घेऊन आत शिरायचे. पिपरी मेघेला आमच्या घरापर्यंत स्पीडब्रेकर किती आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मंगला," शेवटच्या वेळी आत शिरताना हे म्हणाले, "गाडी तू चालवून राह्यली का मी चालून राह्यलो?"

सायलेन्सर तर असा होता, की आम्ही गल्लीत वळलो आणि सगळी गल्ली बाहेर आली. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"मंगला, ट्रॅक्टर काऊन आणला वो?"

"आई, ही स्पोर्ट्स कार आहे."

त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. "दारं तं दोनच हायत!"

"हिला दोनच असतात."

"असं कसं? पैसे पुरे दिले ना? मंग बाकीचे दोन कवा देनार हाय तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गाडीच्या मागच्या बाजूला जी उंच फळी लावलेली असते, तिच्यावर मुगवड्या वाळत घातलेल्या! सासूबाईंना संपूर्ण गाडीत तेवढी एकच गोष्ट पटली होती.

आता राहिला विमा. जुना विमा संपून गेला होता, आणि विम्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढायची नाही, असं आमचे एजंट वानखेडे भाऊ बजावून गेले. ते आले तेव्हा वही न काढता आधी गाडीखाली वाकून पाहायला लागले. वाकायला जागाच नव्हती, म्हणून आडवे झाले.

"वहिनी, हिच्यात काय काय बदल केले हायेत, सगळं कंपनीले सांगा लागते."

"काई सांगू नोको," हे मला म्हणाले. "फळी काढून टाकू. रंगाचं विचारलं तं सांगू का घरात लगन होतं, हळद लागली."

"भाऊजी," वानखेडे भाऊ उठून पाठ झटकत म्हणाले, "कागदावर गाडी पांढरी हाय, हा रंग त्या पोरानं मांगून देल्ला. उद्या हिले काई झालं आन् तुमी क्लेम मांगाले गेले, तं कंपनी म्हनन, आमी पांढऱ्या गाडीचा विमा काढला, हे पिवळी कोनाची हाय? मंग काय सांगसान?"

"पिवळी नाही," मी म्हटलं, "हळदी."

खरं तेच सांगायचं असं ठरलं. कंपनीचा माणूस गाडी तपासायला आणि फोटो काढायला दुपारी येणार होता. तो सकाळीच आला. आणि तो आला तेव्हा सासूबाई गाडीत अडकल्या होत्या.

झालं असं, की त्यांना नुसतं बसून बघायचं होतं. "हिंगणीले जाची हाय, तं सवय नोको का?" म्हणाल्या. त्या सीट शर्यतीच्या गाडीतल्या, दोन्ही बाजूंनी उंच, पाळण्यासारख्या खोल. सासूबाई बसल्या त्या दिसेनाशाच झाल्या! वर फक्त पदर आणि मांडीवरचा लाडवांचा डबा. (रव्याचे लाडू. मामांसाठी. गाडी आली त्या दिवसापासून डबा भरलेला होता. रोज थोडे लाडू आम्ही खायचो, आणि रोज त्या तो पुन्हा भरायच्या.) मग ह्यांनी कौतुकाने पट्टा लावून दाखवला. पट्टा एक नव्हता, चार होते. चार दिशांनी येऊन पोटावरच्या एका गोल बटणात खटकन अडकले. आणि सुटेनात!

मी बटण दाबलं. ह्यांनी दाबलं. कागद घेऊन आलेल्या वानखेडे भाऊंनी अंगठ्याने दाबलं, मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

"हळू रे बापा," सासूबाई म्हणाल्या, "बटणाच्या मांगं माह्यं पोट हाय!"

एवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक सडपातळ तरुण आत आला. विम्याचे साहेब! त्यांनी मोबाइल काढला, गाडीपुढे उभे राहिले आणि थबकले.

"आजी, जरा उतरता का? आतला फोटो रिकाम्या गाडीचा लागतो."

"उतरता आलं असतं तं तुले असा झोपून चहा इचारला असता का बाबू? जा, घरात बस."

साहेबांनी बाहेरून सुरुवात केली. मी शेजारी उभी राहून एकेक बदल कबूल करत गेले. गाडी खाली घेतलेली. मागे फळी. सायलेन्सर मोठा. पोटाखाली निळे दिवे. साहेब मोबाइलवर लिहीत होते. "रंग... पिवळा."

"हळदी," मी म्हटलं.

"पिवळाच लिहितो मॅडम."

"अहो, पिवळ्यात किती प्रकार आहेत! तुम्ही नुसतं पिवळा लिहाल, आणि उद्या कंपनी लिंबू समजून बसली तर?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. साहेबांनी लिहिलं, हळदी.

"अजून काही बदल? आतमध्ये?"

सासूबाईंना प्रश्न अर्धाच ऐकू आला असावा. आतून ठणकावून उत्तर आलं, "मी ओरिजिनल हाव बापा! डॉक्टर म्हने गुडघे बदला. मी म्हनलं, देवानं देल्ले तेच चालवतो!"

एव्हाना गल्ली जमली होती. कोणी खोबरेल तेल आणलं, ते बटणात गेलं, लाडवांवरही गेलं. कोणी म्हणालं, आजींना वरून ओढा. कोणी म्हणालं, गाडीच उलटी करा. हे धावत जाऊन माझी कापडाची कात्री घेऊन आले.

"पट्टा कापला तर मले गाडी डॅमेज लिहा लागन," साहेब म्हणाले. तेही आता ऑफिसची भाषा सोडून आमच्या भाषेवर आले होते.

"कात्रीला हात लावू नका!" मी ओरडले. (मला पट्ट्याची नाही, कात्रीची काळजी होती. एकदा बोथट झाली की अस्तर सरळ कापत नाही.)

शेवटी वानखेडे भाऊंना सीटखालचे चार बोल्ट दिसले. पाना आला. बोल्ट निघाले. आणि मग हे, वानखेडे भाऊ आणि विम्याचे साहेब, तिघांनी मिळून सासूबाईंना सीटसकट, पट्ट्यासकट, डब्यासकट उचललं आणि मिरवत नेऊन व्हरांड्यात ठेवलं. समोरच्या घरातल्या आजींनी भक्तिभावाने हात जोडले.

साहेबांनी घाम पुसला आणि राहिलेले फोटो काढले. मी चहा आणला. सगळे दमून पायऱ्यांवर बसले. चहा घ्यायला हात मोकळे हवेत म्हणून सासूबाईंनी डबा खाली ठेवला, पोटावरचं ते बटण गॅसच्या बटणासारखं सहज फिरवलं, आणि चारही पट्टे खळकन गळून पडले.

चहा तसाच राहिला.

"आई!" हे कप खाली ठेवत म्हणाले. "तुले उघडता येत होतं?"

"मले काय मालूम? तुमी तिघं बी दाबूनच राह्यले होते. मले कोनी हात लावू देल्ला का?"

विम्याचा तपासणी अहवाल आला. त्यात बाकी सगळं बिनचूक होतं. एका ओळीत मात्र लिहिलं होतं: 'पुढील डावी सीट – व्हरांड्यात.'

सीट जागेवर बसवली. कंपनीच्या सांगण्यावरून सायलेन्सर साधा बसवला, निळे दिवे काढले, आरटीओत जाऊन कागदावरचा रंग बदलून घेतला. (तिथे माझं काही चाललं नाही. त्यांनी पिवळाच लिहिला.) विमा हातात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही हिंगणीला निघालो. मी आणि सासूबाई पुढे, हे मागे. मागच्या सीटवर माणूस बसतो अशी कल्पना गाडी बनवणाऱ्याने बहुधा केली नसावी. ह्यांना आम्ही घडी घालून ठेवलं.

मामा अंगणात बाजेवर बसून होते. गाडी दारात थांबली. डोळ्यांवर हात धरून त्यांनी पाहिलं.

"शांते! पिवळ्या बेंडकात बसून आली का वो तू?"

सासूबाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांना उतरायची घाई झाली होती, आणि त्या खोल सीटमधून उतरणं काही साधत नव्हतं. मी पलीकडून धावत येईपर्यंत मामा काठी टेकत दाराशी पोचले. घरातली सगळी ओरडत होती, "बाबा, तुमी नोका! तुमचं हाड!" पण मामांनी काठी सोडली आणि बहिणीचे दोन्ही हात धरून ओढलं. सासूबाई निघाल्या, मामांचा तोल गेला, आणि दोघंही हळूच, अगदी बेताने, अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर बसली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि हसायला लागली. मामा हसता हसता खोकले, सासूबाई हसता हसता रडल्या. मग तिथेच, गाडीला पाठ टेकून, डब्यातले लाडू खात दोघं बसून राहिली. फोनवर नसतं बोलता येत तसं, एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून बोलत होती. आम्ही उठवायला गेलो तर मामा म्हणाले, "राहू दे ना. गाडी बुटकी हाय, टेकाले बरी हाय."

मी आत जाऊन पाणी प्यायले. डोळ्यांत कचरा गेला होता. (थंडीत हिंगणीला कचरा फार उडतो.)

संध्याकाळच्या आत निघालो, तेव्हा मामांनी बहिणीला रिकामं पाठवलं नाही. तुरीचं पोतं, संत्र्यांची पिशवी, दोन कोहळी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, सगळं मागे ह्यांच्या अंगावर रचलं. गाडी आणखी खाली बसली. आता रस्त्यावरचा खडा न् खडा माझ्या पायांना कळत होता. सेलू मागे टाकून हमरस्त्याला लागलो, आणि एका वळणावर पोलिसाने हात दाखवला.

खरं सांगते, मला थोडा अभिमानच वाटला. स्पोर्ट्स कार आहे, पोलीस थांबवणारच! काच खाली केली आणि विम्याचा कागद बाहेर काढला.

"साहेब, सगळे पेपर आहेत. स्पीड जास्त झाली का?"

पोलिसाने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने मागे बोट दाखवलं. माझ्यामागे कापसाचा एक ट्रॅक्टर, दोन बैलगाड्या आणि शाळेतून सुटलेली सायकलवरची पोरं अशी लांबलचक रांग लागली होती.

"मॅडम," तो म्हणाला, "बाजूले घ्या जराशी. त्या बैलगाडीवाल्याले घाई हाय."