आडनावं देणारा ट्रेनर

येरवड्याच्या कॉल सेंटरमध्ये आम्हाला फोनवर सांगायची इंग्लिश आडनावं द्यायला एक ट्रेनर आठवडाभर येत होता. स्कूटरवरून उतरला की बटणांमध्ये खोचलेला टाय बाहेर काढायचा आणि तिथून पुढे साहेब व्हायचा. इंग्लंड त्याने पाहिलं नव्हतं, पण तिथलं कोणतं आडनाव खानदानी, हे छातीठोकपणे सांगायचा.

माझ्या शेजारी वर्ध्याची एक मुलगी बसायची. तिचं आडनाव लोहार. ते ऐकून त्याने नाक मुरडलं.

"अगदीच गावठी वाटतं. आजपासून तू स्मिथ. इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त लोक स्मिथच आहेत."

"सर, बाबा अजून भट्टीवर बसतात. त्यांना काय सांगू?"

"सांग, प्रमोशन झालं."

तिने मान खाली घातली. मी वर्गात सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलले.

"सर, स्मिथ म्हणजे लोहारच. तिकडे गावोगावी लोहार होते, म्हणून तर इतके स्मिथ झाले."

मुलं हसली. त्याने टायची गाठ सारखी केली.

"तिकडचे लोहार वेगळे हो," तो म्हणाला. मग मला नीट न्याहाळून त्याने गोड आवाजात विचारलं, "आपलं आडनाव काय?"