शेंगांच्या ओळीतला खो-खो

जगात काहीही थांबवता येईल, माझ्या मावसभावाला थांबवता येणार नाही. कोरोनाने आगगाड्या थांबवल्या, देवळांना कुलपं लावली. पण केजजवळ मावशीच्या अंगणात हा गडी पळतच राहिला. विद्यापीठात एम.ए.चं शेवटचं वर्ष, आणि दोनदा राखीव राहिल्यावर यंदा कुठे खो-खोच्या संघात नाव लागलेलं. आंतरविद्यापीठ स्पर्धा पुढे ढकलली होती, रद्द झाली नव्हती. तेवढ्या आशेवर त्याचे पाय चालू होते.

मी दोन दिवसांसाठी म्हणून मावशीकडे गेलो आणि दोन महिने अडकलो. सकाळी आम्ही पेरणीच्या शेंगा फोडायला बसलो की हा आम्हाला खेळातल्यासारखं उलटसुलट बसवायचा. मावशीचं तोंड गोठ्याकडे, काकांचं रस्त्याकडे, माझं पुन्हा गोठ्याकडे. उरलेल्या पाच जागी शेंगांची पोती, आणि पळायला शेळीचं करडू. करडाला नियम ठाऊक नसल्याने ते कधीच बाद झालं नाही. पोत्याला खो दिला की त्याच्या वतीने हाच उठायचा आणि पळायचा. पाठीत थाप बसली की मावशी कळवळायची, "मुडद्या, हळू की! मी पळाले तर भाकरी काय ते करडू थापंल?"

"आई, लई सुस्त हाइस तू. संघात घेणार न्हाईत तुला."

काका मला हळूच विचारायचे, "ह्यो एम.ए. कशात करतोय बे?"

खांब शिवल्याशिवाय मागे वळायचं नाही, हा नियम तर तो घरकामातही पाळायचा. पाण्याला निघाल्यावर मावशीने हाक मारली, तर आधी पुढचं लिंबाचं झाड शिवून मग यायचा. एकदा असाच मास्कशिवाय फाट्याकडे सुटला. समोर पोलीस, काठी उगारलेली. तरी पठ्ठ्या वळला नाही. दोन रट्टे खाऊन, त्यांची जीप शिवूनच माघारी आला.

जूनच्या तोंडावर मोबाइलवर निरोप आला. स्पर्धा रद्द. शेवटच्या वर्षाचा खेळ संपला होता. त्याने निरोप मोठ्याने वाचला आणि मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि दोन महिने चेष्टा केल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः पोती ओळीने मांडली. "ये, दे खो," म्हणाले. तो आला, पण पळाला नाही. एक पोतं बाजूला सारून त्या जागी बसला आणि शेंगा फोडू लागला. तोंड आमच्याकडे नव्हतं. मावशीने सूप त्याच्याजवळ सरकवलं; इकडे वळ, असं मात्र कुणीच म्हणालं नाही.