कॅमेऱ्यानं पाहिलेला चवथीचा चंद्र

घ्या, आधी चहा घ्या, मग पोटभर हसा. माझी फजिती म्हणजे तुम्हाला फराळच! फक्त एक करा, ऐकताना माझ्या हातांकडे टक लावून पाहू नका. डोकं फिरतं हो माझं. का ते कळेलच.

मी कळंबच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. नवा महाराष्ट्र होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि माझ्या हातात नवा कॅमेरा आला होता. नवा म्हणजे माझ्यासाठी नवा. सायकल दुरुस्तीवाल्या करीमभाईनं कुठल्याशा कंत्राटदाराकडून घेऊन ठेवलेला तो काळा डबा मला दिला. बॉक्स कॅमेरा. पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं आणि खटका दाबायचा.

आणि मला लागलं आभाळाचं वेड.

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! भादव्यातलं आपल्याकडचं आभाळ कसं असतं? सकाळी धुतलेल्या धोतरासारखं, दुपारी काळंभोर, संध्याकाळी केशरी. ते सोडून माणसांची तोंडं काय काढायची? पण घरच्यांना कळेल तर शपथ! मावशी आली, तिचा फोटो काढला. फोटो आला तेव्हा आईनं डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उलटा धरला.

"काहून रे, याच्यात मावशी कुठं हाये?"

"ही काय, खाली. अंबाडा दिसतो ना?"

"आनं तोंड?"

"तोंड खाली राहिलं, पण आई, ढग पाहा ना!"

"ढग मी वाळवण घालताना रोज पाह्यतो," आई म्हणाली. "बहीण मले वर्साकाठी एकदा दिसते."

मामाच्या बैलजोडीचा काढला, त्यात शिंगांची टोकं आली. चिंतामणी गणपतीच्या देवळाचा काढला, त्यात कळस. करीमभाईनंसुद्धा हात टेकले. म्हणाला, "मास्तर, आदमी का फोटो लेव ना! आसमान तो रोज मुफत में दिखता है."

कलेची कदर नाही, दुसरं काय!

तर अशात माझ्या बहिणीचं, कुसुमचं, जमत आलं. बाबा गेल्यापासून घरात मोठा मी, त्यामुळे तिच्या लग्नाची काळजी माझ्या डोक्यावर. स्थळ बोरी अरबचं. मुलगा माधव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, शांत, सरळ. वडील बापूराव म्हणजे गावात मानाचा माणूस, आणि आई यमुनाबाई देवाधर्माला फार कडक. गणेश चतुर्थीला ते सगळे चिंतामणीच्या दर्शनाला कळंबला येणार होते, तेव्हा जेवायला आमच्याकडे आणि मुलगी पाहणंही त्यातच.

जेवणं झाली. माधवनं कुसुमला विचारलं, "दारातली रांगोयी तुमी काढली काय जी?" ती म्हणाली, "हो. दादा फक्त ढग काढते." तो खो खो हसला. तिथंच आमच्या बाईसाहेब खूश! पाहुणे ओट्यावर गेल्याबरोबर आत येऊन मला स्पष्ट सांगितलं, "दादा, मले पसंत हाये. तू आता मधात काई घोटाळा करू नोको."

मी! घोटाळा! ऐका बरं.

बापूरावांनी आपणहून सांगितलं, "मास्तर, घ्या एक फोटो सगळ्यायचा. साक्षगंध दसऱ्याले करू." म्हणजे साखरपुडा पक्का! सगळे अंगणात उभे राहिले. मी मान खाली घालून काचेत पाहतो तो काय, पाहुण्यांच्या डोक्यावर असा काही काळा ढग चढत होता की वा! हात आपोआप वर गेले. तरी बहिणीचं बजावणं आठवून सगळ्यांची तोंडं राहतील एवढं भान ठेवलं. खटका दाबला. पाहुणे चारच्या मोटारीनं गेले.

धुलाई-छपाई मी घरीच करत असे, कोठीच्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून. त्या संध्याकाळी गावात सगळे मान खाली घालून चालत होते. चवथीचा चंद्र दिसला की खोटा आळ येतो ना! मीसुद्धा विहिरीवर गेलो तो आपल्या पायांकडे पाहत. फिल्मचा रोल धुतला, वाळत टाकला. दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह काचेखाली दाबून फोटो छापला आणि ओरडलोच!

त्या काळ्या ढगावर, बापूरावांच्या पागोट्याच्या थोडी वर, पांढरीशुभ्र चंद्रकोर! काय तिचा बाक, काय तिची टोकं! दिवसाउजेडी चंद्र टिपला होता मी. आकारानं जरा बेताबाहेर वाटत होती खरं. पण चांगल्या भिंगातून चंद्र जवळ येतो, अशी मीच माझी समजूत घातली.

करीमभाईला दाखवला. तो म्हणाला, "चांद तो बडा है मास्तर."

म्हटलं, "कॅमेरा कोनाचा हाये?"

नेमका त्याच सकाळी बोरीचा एक माणूस परत निघाला होता. मी घाईघाईनं फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवला आणि खाली माझ्या वळणदार अक्षरात, वेलबुट्टी काढून, लिहिलं: "चवथीचा चंद्र, कळंब." आणि दिला पाठवून. घरात कोणाला दाखवलाही नाही.

हसता काय! अहो, मी कळंबचा, चिंतामणीच्या गावचा! लहानपणापासून चवथीला मान खाली घालून चालणारा! पण कलेची धुंदी चढली की माणसाला आपण काय लिहितो ते कळतं का?

तिकडं बोरीला त्यांनी फोटो बैठकीत टांगला. वेलबुट्टीतली ती ओळ आधी कोणी वाचलीच नाही; शेजारपाजार पाहून गेला, त्यात कोणीतरी ती मोठ्यानं वाचली. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्या आणि एका सकाळी आमच्या दारात बापूराव आणि यमुनाबाई. बोलावणं नाही, सांगणं नाही. यमुनाबाईंच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते पाटावर पालथं ठेवलं.

"पाहू नोका," त्या आईला म्हणाल्या. "तुमच्या पोरानं आमाले चवथीचा चंद्र दाखवला!"

आईच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला.

"त्या दिवसापासून घरात आळ सुरू झाले पाहा. माही नथ हारपली, तं जाऊ चारचौघात म्हनते का, मीच दाबून ठेवली. माधववर मुकादमानं आळ घेतला का, तो कामावर डुलक्या घेते. " त्यांनी बापूरावांकडे बोट दाखवलं. "आनं यायचं तं इचारूच नोका!"

बापूराव खाली मान घालून म्हणाले, "कोनाच्या तरी बैलानं शेजाऱ्याची कपाशीची पऱ्हाटी खाल्ली, आनं नाव माह्या बैलाचं! जुने लोक म्हनत, शेजाऱ्याच्या टिनावर गोटे फेका, त्यानं शिव्या देल्या का दोष उतरते. म्या फेकले. तो बाहीर आला आनं म्हनते, 'या जी बापूराव, चहा घ्या!' पुन्हा फेकले. तं त्यानं खुर्ची आणून देली!"

मला हसू फुटलं. फुटायला नको होतं, पण फुटलं. यमुनाबाईंनी असं काही पाहिलं माझ्याकडे!

म्हटलं, "अहो पण चंद्र तर मी पाहिलाच नाही! मी मान खाली घालून डब्यात पाहत होतो. पाहिला तो कॅमेऱ्यानं!"

"आनं आमी?" यमुनाबाई कडाडल्या. "आमी तं भितीवर टांगून पाह्यला! रोज संध्याकायी दिवा लावून, गणपतीच्या दिवसातला फोटो समजून, हात जोडून पाह्यला!"

आई रडवेली झाली. "अरे, शाईनं काळा करून टाक तो चंद्र, आताच्या आता!"

आता सरळ "हो" म्हणायचं ना मी? पण नाही! मास्तर ना! म्हटलं, "शाई लावायची? आई, असा चंद्र साऱ्या जिल्ह्यात कोणी टिपला नसेल. हा चंद्रच आहे, अस्सल आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे!"

ऐकलंत? कोणी विचारलं होतं का मला? पण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मला दुसऱ्याची मदत कधीच लागली नाही.

यमुनाबाई उठल्या. पदर सावरला. "आमी येतो. ज्या घरचा मोठा मानूस चवथीच्या चंद्राचा अभिमान सांगते, त्या घरची पोरगी आमाले झेपाची नाई. साक्षगंधाची तयारी करू नोका."

दाराआड कुसुम उभी होती, हातात चहाचा ट्रे. तिचा चेहरा पाहिला आणि माझा सगळा अभिमान कुठल्या कुठे पळाला. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे, की मधात घोटाळा करू नको. आणि मी आभाळ खाली आणून तिच्या लग्नावर टाकलं होतं.

पण कुसुम रडणाऱ्यातली नव्हे. ती बाहेर आली, ट्रे खाली ठेवला आणि पालथा फोटो सरळ केला.

"पोरी, पाहू नोको व!" आई ओरडली.

"तुमी सगळ्यायनं पाह्यला, मंग म्या एकटीनं कायले राहाव?" तिनं फोटो खिडकीजवळ नेला. बराच वेळ पाहिला. मग मला विचारलं, "दादा, चंद्र दूर का ढग दूर?"

"चंद्र," मी म्हणालो. "शाळेतलं पोरगंही सांगेल."

"मंग तुह्या फोटोत चंद्र ढगाच्या अलीकडं कसा येऊन बसला?"

मी फोटो पाहिला. खरंच हो! भला काळा ढग मागे, आणि त्याच्यापुढे चंद्र! इतक्या दिवसांत मला ते दिसलं नाही, आणि बोरीच्या बैठकीत भीतीपोटी कोणी नीट पाहिलं नाही.

"त्याची काच आण," ती म्हणाली. निगेटिव्हला ती काच म्हणायची. मी बिस्किटाच्या डब्यातून काढून दिली. तिनं उजेडात धरली, बोटानं चाचपली आणि जरा खरवडलं. चंद्र टपकन तिच्या तळहातावर पडला.

यमुनाबाईंनी चष्मा लावला. वाकून पाहिलं.

"अव माय! हे तं नख हाये!"

आणि मला सगळं आठवलं. त्या संध्याकाळी ओली फिल्म हातात धरली तर माझं वाढलेलं नख तिच्या कडेला ओरखडा पाडत होतं. मी तिथंच, कंदिलाच्या उजेडात, दाढीच्या जुन्या पात्यानं नखं कापली. करंगळीचं एक उडालं ते सापडलंच नाही. कसं सापडणार? ओल्या फिल्मवर जाऊन चंद्र होऊन बसलं होतं!

पण यमुनाबाई म्हणजे यमुनाबाई. "हे कशावरून? आता लग्न मोडते म्हून कोनतंई नख चिकटवलं असन. सांगा, कवाचं हाये हे नख?"

आता आली का पंचाईत! कुसुम माझ्याकडे पाहत होती. खरं सांगणं भाग होतं.

"फिल्म ओली होती तेव्हाचं," मी म्हणालो. "म्हणजे... दिवेलागणीचं."

"तिन्हीसांजेले?" आई.

"हो."

"चवथीच्या?"

"हो."

"घरात गणपती बसला असताना, तू तिन्हीसांजेले घरात नखं कापत होतास?"

"आई, कोठीत कापली..."

"कोठीत! धान्यात!"

त्यापुढे आई जे बोलली ते इथं सांगत नाही. शेवटी मास्तर माणूस मी. एवढंच सांगतो, बापूरावांना शेजाऱ्याकडून ज्या शिव्या मिळाल्या नाहीत, त्या सगळ्या मला घरबसल्या मिळाल्या.

यमुनाबाईंचा चेहरा मात्र फुलत चालला होता. "म्हंजे आमी चंद्र पाह्यलाच नाई! नख पाह्यलं! आनं नखं कापल्याचा दोष मास्तरच्या डोक्शावर. आमचा काय संबंध? कुसुम, आन व चहा, गार झाला असन!"

बापूराव तेवढे विचारात पडले होते. "मंग म्या गोटे कायले फेकले?" ते स्वतःशीच म्हणाले.

साक्षगंध दसऱ्याला झालं, लग्नही झालं. नथ लोणच्याच्या बरणीमागं सापडली. बैल मात्र खरंच पऱ्हाटीत गेला होता, ते बापूरावांनी लग्नानंतर कबूल केलं. लग्नाचे फोटो काढायला यवतमाळहून माणूस बोलावला, आणि मला कॅमेरा घरी ठेवून यायला सांगितलं.

पण एवढ्यावर सुटलो असतो तर तुम्हाला कशाला सांगत बसलो असतो! कुसुमनं तो फोटो फेकला नाही. बोरीच्या बैठकीत तो अजून लटकतो आहे, खाली माझं वळणदार अक्षर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सगळी कथा रंगवून सांगते. तिची पोरं ते ऐकतच मोठी होताहेत. परवा चतुर्थीला गेलो होतो तिच्याकडे. पेढ्यांचा पुडा घेऊन उंबऱ्यात पाय ठेवला, हात पुढे केला, तर दोन्ही पोरं डोळ्यांवर हात घेऊन आत पळाली.

"माय व! मामा आले! चवथीची नखं दिसून राह्यली, पाहू नोको, आळ येते!"