गोड लघवीची पाहणी

स्वातंत्र्यानंतरच्या पाच-सात वर्षांतली गोष्ट. जळगावच्या एका सरकारी दवाखान्यात मी लघवी तपासायचो. कामाचं नाव काढलं की सोयरे नाक मुरडायचे, मुरडोत बापडे. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मधुमेहाचा ध्यास घेतला होता. पटकी-हिवतापाला सरकार पैसे देई, पण मधुमेह म्हणजे गादीवर बसणाऱ्या शेटजींचा रोग, असं मुंबईच्या अधिकाऱ्यांचं ठाम मत. दोन वर्षं अर्ज करकरून साहेबांनी एका वर्षाचं अनुदान पदरात पाडून घेतलं. अट एकच. शेतकऱ्यांतही हा रोग आहे हे दाखवा, तरच पुढचे पैसे.

बोदवडकडची खेडी माझ्याकडे आली. त्यांत माझंही गाव होतं. पुरुषमाणसं पहाटेच शेतात जात, म्हणून मी आदल्या संध्याकाळी घरातल्या सुनेच्या हाती माणशी एक, चिठ्ठी लावलेली बाटली द्यायचो आणि सकाळी भरलेल्या उचलायचो. स्वतःच्या युक्तीवर मी बेहद्द खूश होतो.

निळ्या औषधात लघवी उकळली आणि तीत साखर असली, तर विटकरी रंग येतो. माझ्या नळ्या बहुतेक निळ्याच राहिल्या. वडिलांचीही. आबा तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते, वाळत चालले होते. मी म्हणालो, "आबा, तुम्हाला काही झालेलं नाही, उन्हाळा आहे," आणि वर आग्रहाने गुळाचं पाणी पाजलं.

माझ्या नळ्यांवरून अहवाल गेला की खेड्यांत हा रोग नाही. अनुदान बंद झालं, साहेबांची बदली झाली.

वर्षभरात आबांच्या अंगठ्यात काटा मोडला. जखम काळी पडली, पाय गुडघ्यापर्यंत सडला. दवाखान्यात आणल्यावर मी स्वतः नळी तापवली. रंग विटकरी आला.

थोरली वहिनी आबांच्या उशाशी बसली होती. तिला त्या बाटलीचं विचारलं, तशी ती रडू लागली.

"आबायले कसं मांगू ते, भाऊजी? लाज वाटली. साऱ्या बाटल्या मीनंच भरल्या व्हत्या."

आबा चौथ्या दिवशी गेले. वहिनीला मी काय बोलणार? गावोगाव सासऱ्याची बाटली सुनेच्या हाती मीच देत आलो होतो. बदली झालेल्या साहेबांना हे कळवायला हवं होतं. त्यांना सरकारकडे पुन्हा पैसे मागता आले असते. मलाही लाज वाटली. मी पत्र लिहिलं नाही.