थोरलीची खिडकी

गावातली माणसं तिला खिडकीवाली आत्या म्हणायची. तिच्या घराला खिडकी एकच होती, तीही बारा महिने धुरकट. पण नावातली खिडकी ती नव्हे; ती होती समुद्रात. हिवाळा लागला की खाडी किनाऱ्यापासून थेट समोरच्या बेटापर्यंत गोठायची. त्या बर्फात एका खोलीएवढं भोक पाडून ते उन्हाळ्यापर्यंत उघडं ठेवायचं, हे आत्याचं काम. ते थोरलीसाठी.

थोरली म्हणजे खाडीतलं जनावर. देवमाशासारखंच, पण देवमासा तिच्याशेजारी पोर वाटावा एवढं. मासळी कापायच्या शेडपासून शाळेच्या फाटकापर्यंत ती सहज पसरली असती. पाठीवर शेवाळ, शिंपल्यांचे थर. दर आठ दिवसांनी ती खिडकीतून नाक वर काढून श्वास घ्यायची, आणि वाफेचा असा लोट उठायचा की किनाऱ्यावर वाळत घातलेले कपडे पुन्हा पिळायला लागायचे. एरवी ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण खिडकी मिळाली नाही, तर असेल तिथून बर्फ फोडून वर यायची. आणि बेटावरच्या इस्पितळाकडे जाणारा रस्ता त्याच बर्फावरून होता.

आत्याच्या सासूच्या वेळी हे एकदा झालं होतं. सासू तापाने पडली, खिडकी बुजली, आणि पंचविसाव्या दिवशी थोरलीने भर रस्त्यात बर्फ फोडला. दोन घसरगाड्या पाण्यात गेल्या. माणसं कशीबशी वाचली, पण सासूने त्यानंतर बाजारात मान वर करून पाहिलं नाही.

सासूचा मुलगा, म्हणजे आत्याचा नवरा, शिंपी. बर्फावर पाऊल टाकलं की त्याला भोवळ यायची. म्हणून सासूने करवत सुनेच्या हातात दिली. तेव्हा आत्या चौतीस वर्षांची होती. त्याला आता सत्तावीस हिवाळे झाले. रोज सकाळी करवत, लांब आकडा आणि बर्फाचे तुकडे उपसायची जाळी घेऊन ती निघायची, आणि वाटेत भेटेल त्याच्या चपला, टोपी, चालणं, सगळ्याला नावं ठेवत जायची. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी ती गप्प गेली, तर लोक घरी विचारायला यायचे.

या हिवाळ्यात ती बरेच दिवस गप्प जात होती.

थोरली बावीस दिवस आली नव्हती. बंदरमास्तरने रस्ता बंद केला होता. इस्पितळात ज्यांचं कुणी होतं ते किनाऱ्यावर येऊन नुसते पलीकडे बघत उभे राहायचे. कुणी म्हणे ती म्हातारी झाली, मेली असेल. कुणी म्हणे दुसऱ्या खाडीत गेली. आत्या ऐकायची आणि पाय उचलून पुढे निघायची. कारण तिने एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. हिवाळ्याच्या सुरुवातीला तिचा उजवा खांदा धरला. हात डोक्यावर जाईना, मग हातभर जाड बर्फावर करवत कशी चालणार? किनाऱ्याकडे दोनशे पावलं अलीकडे बर्फ पातळ होता. तिने खिडकी गुपचूप तिथे काढली. जुनी जागा बुजली आणि वर चार दिवसांत भुसभुशीत बर्फ बसला. कुणाला फरक कळला नाही. थोरलीला मात्र कळला असणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

बाविसाव्या दिवशी दुपारी ती दुकानात शिरली आणि नवऱ्याच्या समोर मटकन बसली.

"अहो, मी खिडकी हलवली."

शिंप्याने सुई कापडात खोचली. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, सत्तावीस वर्षं तुझ्या कोटाची उजव्या बगलेतली शिवण दर महिन्याला उसवते. या वर्षी एकदाही उसवली नाही. म्हटलं, बाईसाहेब करवत जोराने ओढत नाहीत, म्हणजे पातळ बर्फाकडे सरकल्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला बोललेलं चालतं कधी?"

आत्याला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. नवऱ्याने तिला पाणी दिलं, स्वतःची टोपी घातली आणि तो म्हणाला, "चल, बंदरमास्तरकडे जाऊ. मी दारापर्यंत येतो."

बंदरमास्तर तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, आणि आता हा आपली सासूसारखी गत करणार, म्हणून खाली बघत राहिली.

"आत्या," तो म्हणाला, "एवढ्या जड करवतीला तुम्ही एकट्याच कशा पुरत होतात, हे आम्ही कधी विचारलं का? जुनी जागा दाखवा. मी माणसं आणतो."

तासाभरात तीस जण जमले. सुतार आले, मासळीवाल्या आल्या, शाळेच्या बाई आल्या. आत्याला कुणी करवतीला हात लावू दिला नाही. ती एका उलट्या टोपलीवर बसून ओरडत होती, "तिरपी धर रे, पाव कापतोयस का?" एकेक लादी आकड्याने ओढून बाजूला काढली. ऊन कलायच्या आत काळं पाणी दिसलं.

मग वाट बघणं. पाऊण तास झाला, तास झाला. मासळीवाल्या एकमेकींकडे बघून उठायला लागल्या.

तेवढ्यात भोकातलं पाणी हळूच खाली गेलं, जणू खालून कुणी घोट घेतला. "मागे व्हा!" आत्या किंचाळली. पाणी फुगलं, काठावरून वाहिलं, आणि शेवाळलेलं, भिंतीएवढं नाक वर आलं. थोरलीने श्वास सोडला. कुजक्या मासळीचा असा गरम भपकारा आला की पुढच्या रांगेतले सगळे पाठीवर पडले, बंदरमास्तर सगळ्यात आधी. थोरलीने तीन लांब श्वास घेतले आणि ती आली तशी निघून गेली.

सगळे ओलेचिंब झाले. मग शाळेच्या बाई खदखदून हसायला लागल्या आणि तीसच्या तीस जण हसले. आत्याचा जीव भांड्यात पडला. दोन मासळीवाल्यांनी तिला हाताला धरून घरी आणलं.

आठ दिवसांनी थोरली वर आली ती नेमकी आत्याने किनाऱ्याजवळ काढलेल्या नव्या खिडकीतून, काहीच घडलं नाही अशा थाटात.

बंदरमास्तर डोकं खाजवत आत्याकडे आला. "म्हणजे तिला ही जागा आधीपासून माहीत होती? मग बावीस दिवस कुठे होती?"

"मी काय तिची सासू आहे, मला सांगून जायला?" आत्या म्हणाली. पण तो गेल्यावर बराच वेळ ती एकटीच हसत बसली. एवढे दिवस छातीवर घेतलेला दगड कदाचित तिचा नव्हताच.

आता दोन्ही खिडक्या उघड्या असतात. पाच जण आळीपाळीने करवत चालवतात. आत्याचा खांदा पुरता बरा झाला नाही, पण वेणी स्वतःची स्वतः घालता येते. सकाळी ती टोपलीवर बसून पाचही जणांना नावं ठेवते. रस्त्यावरून इस्पितळाकडे जाणाऱ्या गाड्यांतली माणसं तिला हात करतात, आणि ती ओरडते, "हात नंतर करा, आधी समोर बघा!"